तपासणीचा आवाज

"सर, मशीनमध्ये कायबी प्रॉब्लेम नाही," माझ्या हाताखालचा पुष्कर म्हणाला. "पक्कं चेक केलो मी. फॉल्ट सापडला." ऑगस्टमधला सोमवार, सकाळचे साडेदहा वाजले असतील, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मीही दोन-तीन सेकंद आनंदात होतो. सात महिने ज्या चुकीच्या मागे आम्ही लागलो होतो ती सापडली म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? मग त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दोन ओळी होत्या. वरची माझ्या दोन वर्षांपूर्वीच्या वाचनाची, चुका शून्य. खालची माझ्या आजच्याच वाचनाची, चुका एकतीस. यंत्र तेच, खोली तीच, मायक्रोफोनसुद्धा त्यानं शोधून पुन्हा तोच जुना लावला होता, आणि वाक्यं तीच चाळीस. "आता सांगा, बदललं कोण?" तो म्हणाला आणि हसला. त्याच्या दृष्टीनं ते एक कोडं होतं आणि ते सुटलं होतं. मी त्या दोन ओळींकडे बघत राहिलो. तुमचं नाक चोंदलंय का, सर्दी आहे ना, असं त्यानं विचारलं. मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, आता आठवत नाही, पण त्यानं होय धरलं.

मी नेमकं काय काम करतो हे आमच्या घरात कोणालाच नीट कळलेलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. फोनवरचं बोलणं ऐकून ते लिहून काढणारं यंत्र आमची कंपनी बनवते. तेलुगू, दखनी उर्दू आणि ही आमची इकडची मराठी. शब्द बरोबर उतरला का हे तपासणारे लोक तिसऱ्या मजल्यावर बसतात आणि आमच्यापेक्षा जास्त हसतात. आम्ही चौथ्या मजल्यावरचे शब्दाच्याही खाली उतरतो. एकेका ध्वनीत गळा थरथरला का, श्वास जोरानं सुटला का, हवा नाकातून गेली का, एवढंच बघतो. ब म्हणताना आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. फरक इतकाच की टाळूच्या मागे एक मऊ पडदा असतो. ब म्हणताना तो वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, म म्हणताना खाली राहतो. यंत्राला तो पडदा दिसत नाही, त्यानं तो आवाजावरून ओळखायचा असतो. कितीदा ओळखला, कितीदा चुकला, याचे तक्ते करत मी अठरा वर्षं पगार घेतला. अठरा वर्षांत त्या पडद्याबद्दल मी कितीतरी बोललो असेन, आणि माझ्या तोंडातही तसा एक आहे हे मला त्या सकाळी साडेदहाला पहिल्यांदा जाणवलं.

यंत्र तपासायला माप लागतं आणि मापात फरक पडून चालत नाही. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी की दर सोमवारी कामाला लागण्यापूर्वी एका ठरलेल्या माणसानं फोम लावलेल्या छोट्या खोलीत जायचं आणि ठरलेली चाळीस वाक्यं वाचायची. बाबूचा डबा बदाबदा गळतो, दगडी गोदामात गादी दडवली, असली ब-द-ग ठासून भरलेली वाक्यं. लिहिणाऱ्याला शिव्या द्याव्यात अशी, आणि लिहिणारा मीच. निकाल मागच्या सोमवारसारखा आला तर यंत्र शाबूत. नाही आला तर यंत्रात, तारेत किंवा खोलीत काहीतरी बिघडलंय. माणूस बिघडेल, हे त्या पद्धतीत कुठे लिहिलेलंच नाही. दोन वर्षांपूर्वी तो माणूस म्हणून माझी निवड झाली. पान नाही, तंबाखू नाही, उच्चार स्वच्छ. पुष्कर मला 'सरकारी किलो' म्हणायचा आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझे वडील किशनराव सिकंदराबाद स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काट्यावर होते. वर्षातून एकदा तपासनीस पितळी वजनांची पेटी घेऊन यायचा, त्याच्या आदल्या दिवशी बाबा स्वतः काटा पुसून ठेवायचे. काटा चुकतो, वजन चुकत नाही, असं ते सांगायचे. हिंगोलीकडच्या गावातून आलेला माणूस, त्याला न चुकणाऱ्या वस्तूंचं फार कौतुक होतं.

जानेवारीत पहिल्यांदा दोन ठिकाणी यंत्रानं सांगितलं की माझ्या ब मध्ये नाक आहे. आम्ही फोम बदलला. फेब्रुवारीत पाच ठिकाणी सांगितलं, आम्ही मायक्रोफोन बदलला. मार्चमध्ये नऊ. तेव्हा मीच सुचवलं, आणि ही गोष्ट मला कोणावर ढकलता येत नाही, की यंत्र नाक जरा जास्तच धरतंय, तर तेवढं वजा करू. सगळ्यांना पटलं. मग दर महिन्याला वजाबाकी वाढवत गेलो. माझा आवाज घसरत होता आणि आम्ही यंत्राला त्याच्यामागोमाग खाली ओढत होतो. शेवटी गेल्या आठवड्यात आदिलाबादकडच्या मालनबाई नावाच्या बाईंचं बोलणं तपासायला आलं. बाईंचा म इतका स्वच्छ की वर्गात ऐकवावा, आणि आमचं यंत्र त्याला ब म्हणत बसलं. तिथं पुष्करला संशय आला. त्यानं मला न विचारता सगळी वजाबाकी काढून टाकली आणि जुनी फाइल लावली. शहाणा मुलगा आहे. मी मात्र सात महिने, दर सोमवारी, माझंच वाचन कानांवर हेडफोन चढवून ऐकत होतो आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं. आपला आवाज माणूस ऐकत नसतो, आठवत असतो.

आणि आठवायचं म्हटलं तर मला बाबांचा आवाज जास्त चांगला आठवतो, विशेषतः त्या एका चौदा एप्रिलचा. जयंतीला विहारात ते दरवर्षी दहा मिनिटं बोलायचे. मी सतरा वर्षांचा होतो, पुढे सतरंजीवर बसलो होतो. त्या वर्षी ते उभे राहिले आणि त्यांचे शब्द गोधडीतून आल्यासारखे आले. आधी वाटलं लाउडस्पीकर बिघडला. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं की किशनराव आज घेऊन आलेत वाटतं, आणि दोन-चार जण हसले. दारूला शिवणं सोडा, दारू पिणाऱ्याच्या घरचं पाणी न पिणारा माणूस. त्यांनी भाषण पूर्ण केलं. घरी आल्यावर ते शर्ट काढत होते तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून जवळ गेलो आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. त्यांना कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं, आ केला, आणि सावकाश श्वास सोडला. "घे," म्हणाले, "नीट बघ." बडीशेपेचा वास होता. पुढे डॉक्टरांनी नसांचा आजार म्हणून सांगितलं, उपाय नाही म्हणूनही सांगितलं, आणि क्वचित एखाद्या घराण्यात तो उतरतो हेही सांगितलं. तेव्हा कुठे आईला आठवलं की गावाकडे आमचा आजाही शेवटी मुका झाला होता. त्या एप्रिलपासून एकवीस महिने बाबा होते. हा एकवीस आकडा मी आयुष्यात कोणाला सांगितलेला नाही, बायकोलाही नाही, पण वयाची चाळिशी ओलांडल्यापासून तो माझ्याजवळच राहतो. आज मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. बाबा त्या जयंतीला शेहेचाळीसचे होते.

मी उठून स्वच्छतागृहात गेलो आणि कडी लावली. नवीन मुलांना मी एक साधी परीक्षा शिकवतो: नाकाखाली आरसा धरा आणि बा बा बा म्हणा. पडदा नीट मिटत असेल तर काच कोरडी राहते. आरसा भिंतीला ठोकलेला होता, म्हणून मी फोनची काच पुसली आणि नाकाखाली आडवी धरली. बा बा बा. काचेवर वाफेचे दोन छोटे गोल उमटले आणि माझ्यादेखत विरले. एसीमुळे असेल म्हणून काच शर्टाला घासून गरम केली, श्वास रोखला, पुन्हा म्हटलं. पुन्हा दोन गोल. बाजूला कोणीतरी आलं, तेव्हा मी फोन कानाला लावून हं हं करत राहिलो, पलीकडे कोणी नसताना. जीभ बाहेर काढून बघितली. जीभ जशी असते तशी होती, पण किती वेळ बघितल्यावर जीभ वळवळायला लागते हे मला माहीत नव्हतं. बाबांची शेवटी शेवटी तोंडात पडल्यापडल्या वळवळायची. मी तोंड मिटलं.

जागेवर आलो तर पुष्कर फॉर्म भरत होता. वजाबाकी काढली, तारीख, वेळ, सगळं त्यानं लिहिलं होतं. कारणाचा रकाना माझ्यासाठी ठेवला होता. माझी सही लागते. काय लिहायचं म्हणून त्यानं विचारलं. "सर्दी लिही," मी म्हणालो. एवढ्याशा खोट्यातही द आलाच, आणि तो कसा बाहेर पडला याच्याकडे माझं सगळं लक्ष होतं. सात महिन्यांची सर्दी कोणाला होते असं त्यानं विचारलं असतं तर मी काय करणार होतो कोण जाणे. पण त्यानं लिहिलं. वाफ घ्या सर, म्हणाला, हळद टाकून. मी त्याच्याशी बोलताना ब, द, ग टाळायला लागलो होतो. अडचण एवढीच की मराठीत हे तीन टाळले तर माणसाला फारसं काही बोलता येत नाही. मग बरं वाटत नाही अशी खूण करून मी निघालो.

कोठी भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर पहिल्या मजल्यावर एक नसांचे डॉक्टर बसतात. त्यांची पाटी मी चार वर्षांपासून ओळखतो, कारण त्या रस्त्यानं जाताना मी ती न बघण्याचा प्रयत्न करतो. स्कूटर लावली, जिना चढलो. काउंटरवर एक मुलगी होती. तिनं नाव विचारलं आणि माझ्या तोंडातून आवाज निघेना. आवाज होता, मी तो बाहेर काढत नव्हतो. अनिरुद्ध हे नाव मी जन्मभर सांगत आलो आणि त्या क्षणी मला वाटलं, आत्ता हे नाव घेतलं आणि ते त्या चौदा एप्रिलसारखं आलं, तर संपलंच. मी खिशातून आधार कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं कार्ड बघितलं, मला बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "बात नै करते क्या भैया? कुछ नै, बैठो," ती म्हणाली, आणि मग मोठ्यानं, प्रत्येक शब्दाला हात हलवत: "डॉक्टर साब जुमेरात कू मिलते. ग्यारा बजे." चार बोटं दाखवून तिनं गुरुवारपर्यंतचे चार दिवस मोजले, तीनच होते. तिनं एका चिठ्ठीवर वेळ लिहून दिली, पाण्याचा ग्लास दिला, बाकावरच्या एका म्हाताऱ्याला सरकायला सांगून मला बसवलं. मी तिला सांगू शकलो असतो की मला बोलता येतं. मी हात जोडले आणि खाली उतरलो. मुक्याचं सोंग इतकं सहज जमलं, याचीच जास्त दहशत बसली. मी स्कूटरजवळ आलो. माझी मुलगी दीक्षा पंधरा वर्षांची आहे, दिवसभर बडबडत असते, मराठी वाचायला तिला जड जातं पण बोलायला थांबत नाही. तिचं ते बोलणं मला तिथं गर्दीत उभ्या उभ्या ऐकू आलं आणि आजा, बाबा, मी, असं मी पुढे मोजायला लागलो. मोजणं तिच्यापर्यंत येऊ दिलं नाही. तिथूनच पुष्करला लिहून कळवलं: 'सर्दी खोड. वाचणाऱ्याचा आवाज बदलला आहे असं लिही. पुढच्या सोमवारपासून दुसरा माणूस बघ.' का सर, असं त्याचं लगेच आलं. मी फोन खिशात टाकला.

बरकतपुऱ्यात घरी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. दीपमाला, माझी बायको, बँकेतून सातला येते, आणि दीक्षा शिकवणीला गेली होती. घरात आई एकटी होती. आज लवकर कसा, हे तिनं विचारलं नाही. डबा तसाच भरलेला परत आणलेला बघितला, आत गेली, आणि ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं. मला भूक नव्हती, पण न बोलायला ते एक कारण होतं, म्हणून जेवायला लागलो. मऊ भात, घोटून घट्ट केलेलं वरण, आणि वाटीत भाकरी कुस्करून दुधात भिजवून तिचा लगदा केलेला. तिसऱ्या-चौथ्या घासाला माझा हात थांबला. हे किती दिवस चाललंय? मी कधी विचारलंच नव्हतं. आईचे दात गेलेत म्हणून घरात सगळं मऊ होतं, असं मी धरून चाललो होतो. मी उठलो आणि ओट्यावरचा भाकरीचा डबा उघडला. आत चार अख्ख्या भाकरी होत्या, कडा खरपूस झालेल्या, आणि शेजारी शेंगदाण्याची कोरडी चटणी. म्हणजे लगदा एकट्या माझ्यासाठी होता. माझा सकाळचा चहा तिनं मध्येच कधीतरी बंद केला होता, पित्त होतं म्हणून, आणि त्याच्या जागी दाट आंबील सुरू केली होती. पाण्याला मला छोटं फुलपात्र येत होतं, एका वेळी दोनच घोट मावतील असं. मग मला बाबा ताटावर दिसले. पाणी चुकीच्या वाटेनं जाऊन ते काळेनिळे होईपर्यंत खोकायचे, शितं नाकातून यायची, आणि आई पाठ चोळत उभी असायची. त्यानंतर तिनं त्यांचं जेवण घोटायला घेतलं होतं.

मी डब्याचं झाकण हातात धरून तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"धम्मचक्र दिनाला तू इहारात वंदना घेतलास ना," ती म्हणाली, "तवाच कळलं मला."

म्हणजे ऑक्टोबर. यंत्रानं जानेवारीत सांगितलं होतं. आईनं ते त्याच्या तीन महिने आधी ओळखलं होतं, चटईवर मागे बसून, बायकापोरांच्या गलक्यात. सवयीनं माझं डोकं तक्ता करायला लागलं आणि मग थांबलं. मला आज कळलेली गोष्ट ती दहा महिने एकटी घोटत होती. मला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं, आणि माझा आवाज चढला.

"तुझ्या बापाला म्या सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्या दिसापासून बोलायचंच सोडले ते. जीभ चालत व्हती तवाच सोडले. लोक हसतेत म्हणून चिठ्ठ्या लिहीत बसले. सा महिने आवाज व्हता त्यांच्यात, म्या ऐकला नाही." तिनं माझ्या हातातलं झाकण घेऊन डब्याला लावलं. मग म्हणाली, जेवणाचं तेवढं माझ्या हातातलं होतं. त्यांच्या वेळेला उशीर झाला, तुझ्या वेळेला होऊ दिला नाही.

मी खाली बसलो. मला रडायला येईल असं वाटलं होतं, पण नुसती भीती वाटत होती, सकाळपासूनची सगळी, आणि आता ती लपवायलाही जागा उरली नव्हती. आज कोठीला मी काय करून आलो हे तिला माहीत असणं शक्य नव्हतं. तरी ती उठली आणि तिनं पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत उभी राहिली. मग माझ्यासमोर येऊन बसली, इतकी जवळ की तिचा गुडघा माझ्या ताटाला लागत होता, आणि डोळे मिटून घेतले.

"बोल," ती म्हणाली. "काय बी बोल."

मी एक घास तोंडात घातला. तो गिळायची भीती वाटत होती आणि गिळल्यावर बोलावं लागेल याचीही. मी गिळला. खाली उतरला.

"गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय," मी म्हणालो. "अकरा वाजता. तू येशील बरोबर?"

मी एकेक ध्वनी तपासत बोललो होतो. ग, ड, ब. कुठे काय निसटलं ते मला सांगता आलं नसतं. तिच्या मिटलेल्या पापण्यांखाली काहीतरी हललं आणि स्थिर झालं. येते, ती म्हणाली. दीपमालाला तू सांग, मी सांगणार नाही, असंही म्हणाली. मग तिनं डोळे उघडले.

"थांबू नको. अजून लई आवाज हाय तुझ्यात."

किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी तिला पुष्करबद्दल सांगायला लागलो.